हसऱ्या चेहऱ्यांच्या मागे: ‘फ्रूट्स बास्केट’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी चित्रकथा, म्हटलं की मोठ्ठाले पाणीदार डोळे, हवेत उगाच तरंगणाऱ्या पाकळ्या आणि लाजून लाल झालेली शाळकरी मुलगी, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. मारामारीच्या मांगांवर पोसलेले वाचक तर या कपाटाकडे फिरकतही नाहीत. चुकून फिरकलेच तर पहिला खंड चाळतात, ‘गोड आहे’ म्हणतात आणि जागच्या जागी ठेवून देतात. नात्सुकी ताकाया यांच्या ‘फ्रूट्स बास्केट’चं हे हमखास होतं. तिचा पहिला खंड खरोखरच गोड आहे, आणि त्या गोडव्यावर जायचं नसतं. ही मालिका जे दाखवते त्यापेक्षा जे झाकून ठेवते त्याच्या बळावर चालते. सगळ्यात जास्त हसणारं माणूस इथे सगळ्यात जास्त लपवत असतं. हे लक्षात ठेवून वाचायची सवय कशी लावायची, ते पायरीपायरीने सांगतो. शेवटी शेवटी उघड होणारी गुपितं फोडलेली नाहीत, पण सुरुवातीच्या पाच-सहा खंडांतले प्रसंग हातचं न राखता घेतले आहेत.

जुजबी माहिती आधी देऊन टाकतो. मालिका १९९८ ते २००६ या काळात हाकुसेन्शा या प्रकाशनाच्या ‘हाना तो युमे’ नियतकालिकात आली. एकूण १३६ प्रकरणं, २३ खंड. २००१ साली तिला कोदान्शा मांगा पुरस्काराचा शोजो विभागातला मान मिळाला. शोजो म्हणजे प्रेमकथा, हा समज डोक्यातून काढून टाका. किशोरवयीन मुलींसाठी निघणाऱ्या नियतकालिकांत जे छापून येतं ते शोजो. त्यात भयकथा, इतिहास, विज्ञानकथा, सगळं येतं. पूर्वी या मांगाही बहुतेक पुरुषच काढायचे. १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा अशा तरुण चित्रकर्तींनी सूत्रं हाती घेतली, चौकटी मोडल्या आणि पात्रांचं मन थेट पानावर ओतलं. ताकाया त्यांच्या बऱ्याच नंतरच्या, पण ज्या भाषेत त्या चित्र काढतात ती त्या पिढीने घडवलेली आहे.

पहिली पायरी: पुस्तक कोणतं घ्यायचं

मी ही मालिका इंग्रजीतून वाचली, तुम्हालाही तोच मार्ग सोयीचा पडेल. येन प्रेसची ‘कलेक्टर्स एडिशन’ घ्या. तिच्या एका जाड पुस्तकात मूळचे दोन खंड असतात, त्यामुळे २३ खंडांची १२ पुस्तकं होतात. टोकियोपॉपने त्याआधी काढलेले सुटे खंड जुन्या पुस्तकांच्या बाजारात कधीमधी दिसतात. एखादा सुटा मिळाला म्हणून तिथून सुरुवात करू नका, पुढचा मिळेल याची खात्री नसते. अख्खा संच एकदम मागवायचीही घाई नको. पहिलं आणि दुसरं पुस्तक, म्हणजे मूळचे चार खंड, एवढं घ्या. चार खंडांनंतरही काहीच हललं नाही तर ही मालिका तुमच्यासाठी नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. एका खंडावरून मात्र निकाल देऊ नका.

दुसरी पायरी: उजवीकडून डावीकडे

आपल्याला जे मलपृष्ठ वाटतं तिथून पुस्तक उघडायचं. पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात, मग डावीकडे, मग खाली. चौकटीतले संवादाचे फुगेही याच क्रमाने. फुग्याच्या आतली इंग्रजी ओळ मात्र नेहमीसारखी डावीकडून. तासाभरात सवय होते. शोजोत अडचण येते ती वेगळीच. इथे चौकटी एकमेकींवर चढतात, काहींना कडाच नसतात, आणि एखादं पात्र पानाच्या वरपासून खालपर्यंत तीन चौकटी ओलांडून उभं असतं. क्रम कळेनासा झाला तर घाबरू नका. अशा पानावर क्रम बऱ्याचदा मुद्दामच सैल सोडलेला असतो. आधी अख्खं पान एका नजरेत घ्या, मग शब्दांकडे वळा.

तिसरी पायरी: माणसं ओळखीची करून घ्या

कथेचा सांगाडा असा. तोरू होन्डा ही सोळा वर्षांची मुलगी. वडील लहानपणीच गेले, आई क्योको अलीकडेच गाडीच्या अपघातात गेली. तोरू आजोबांकडे राहत होती, पण घराच्या दुरुस्तीमुळे काही दिवस दुसरीकडे जावं लागणार होतं. मैत्रिणींना त्रास नको म्हणून ती कोणाला न सांगता जंगलात तंबू ठोकून राहते. ती जमीन निघते सोमा घराण्याची. जवळच्या घरात शिगुरे हा लेखक आणि शाळेतला तिचा वर्गमित्र युकी राहतात. लवकरच क्यो नावाचा तापट मुलगा अक्षरशः छत फोडून तिथे येऊन पडतो. तोरू घरकाम आणि स्वयंपाक करायचा या बोलीवर तिथेच राहू लागते. या घराण्याला शाप आहे. जपानी राशीचक्रातल्या बारा प्राण्यांचे आत्मे घरातल्या बारा जणांच्या अंगात आहेत, आणि तेराव्याच्या अंगात मांजर. परक्या स्त्रीने किंवा पुरुषाने, म्हणजे आपल्याहून वेगळ्या लिंगाच्या माणसाने, मिठी मारली की त्यांचा प्राणी होतो.

जपानमध्ये रास महिन्यावर नसते, वर्षावर असते: उंदराचं वर्ष, बैलाचं वर्ष, असं बारा वर्षांचं चक्र. दंतकथा अशी की देवाने सगळ्या प्राण्यांना मेजवानीला बोलावलं. उंदराने मांजराला थाप मारली की मेजवानी परवा आहे. मांजर झोपून राहिलं आणि चक्राबाहेर पडलं. म्हणून युकी (उंदीर) आणि क्यो (मांजर) यांचं हाडवैर. लहानपणी ही गोष्ट ऐकून तोरू मांजरासाठी रडली होती, आणि आपण आपलं कुत्र्याचं वर्ष सोडून मांजराचं घेऊ, असं तिने आईला सांगितलं होतं. हा तपशील हसून सोडून देऊ नका.

पात्रं खूप आहेत, तेव्हा एका चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकातच ठेवा: शिगुरे कुत्रा, मोमिजी ससा, हातोरी ड्रॅगन, हात्सुहारू बैल, कागुरा रानडुक्कर, आयामे साप, किसा वाघ, हिरो मेंढा, रित्सु माकड. घोडा आणि कोंबडा उशिरा येतात, त्यांच्यासाठी जागा मोकळी सोडा. क्यो आणि क्योको या नावांत हमखास गोंधळ होतो: क्यो म्हणजे मुलगा, क्योको म्हणजे तोरूची वारलेली आई. आणि या सगळ्यांच्या वर बसलेला घराण्याचा प्रमुख अकितो. सोमा घराणं म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मोठ्या वाड्यासारखं आहे: आतलं आतच राहायचं, बाहेरच्याला दिंडीदरवाजापर्यंतच प्रवेश, आणि कोणाला कोणत्या चौकात राहायला मिळतं यावर त्याची पत ठरायची.

चौथी पायरी: पान वाचायला शिका

इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण नवखे वाचक सगळ्यात जास्त इथेच गमावतात. ते फुगे वाचतात आणि पान उलटतात.

फुग्याबाहेरचे शब्द पाहा. शोजोत पात्राच्या मनातलं बोलणं फुग्यात नसतं, ते चित्रावर मोकळंच लिहिलेलं असतं. बरेचदा एक वाक्य तुटून चार चौकटींत विखुरलेलं असतं, आणि मध्ये पात्रं भलतंच काहीतरी बोलत असतात. जेवणाच्या टेबलावर भांडण चाललंय, फुग्यांत आरडाओरडा आहे, आणि त्याच्या मधून एक शांत ओळ वाहतेय. ती कोणाची, हे लगेच कळेलच असं नाही. समोरच्याची असेल, पाठमोऱ्याची असेल, पानावर नसलेल्या कोणाचीही असेल. अशा वेळी त्या ओळी तेवढ्याच सलग वाचा, मग फुगे तेवढेच सलग वाचा. एका पानावर दोन प्रसंग चालले होते हे तेव्हा कळतं.

मग मोकळी जागा. ताकाया यांच्या चित्रांत रस्ते, घरं, फर्निचर फारसं दिसत नाही. बोलणं नाजूक झालं की मागचं सगळं गळून पडतं आणि उरतात एक चेहरा आणि पांढरं पान. काही वाचकांना हा आळस वाटतो. वाटू दे, पण पार्श्वभूमी नेमकी कोणत्या वाक्याला नाहीशी झाली ते बघत जा. युकीच्या बालपणाच्या आठवणी निघाल्या की पान पांढऱ्याऐवजी काळं होतं. का, ते मालिका आपल्या वेळेने सांगते, पण काळा रंग त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत असतो.

डोळे कधी झाकले जातात, तेही पाहा. डोळे हे शोजोचं मोठं भांडवल. म्हणूनच कपाळावरची झुलपं खाली आली, चौकट नाकाखाली कापली गेली आणि फक्त हसणारं तोंड दिसलं की सावध व्हायचं. शिगुरेच्या बाबतीत तर हे अगदी पाठ करून ठेवा. तो घरातला विदूषक आहे, चावट बोलतो, संपादिकेला छळतो, सगळ्यांना हसवतो. त्याचे डोळे न दिसणाऱ्या चौकटी वेगळ्या काढून बघितल्या तर दुसराच माणूस उभा राहतो.

राहता राहिले हात, आणि या मालिकेची खरी करामत मला हातांत दिसते. ही प्रेमकथाही आहेच, पण तिच्या नियमानुसार मिठी मारताच येत नाही. मारली की धुराचा लोट उठतो, कपडे खाली पडतात आणि समोर उंदीर किंवा मांजर उभं. पहिल्या खंडात हा विनोद आहे. पाचव्या खंडापर्यंत ती शिक्षा झालेली असते. मग माणसं जवळ येणार कशी? डोक्यावर हलकेच मारलेली टपली, बाहीचं टोक धरणं, कपाळावर ठेवलेला तळवा, पाठीला पाठ लावून बसणं. हे स्पर्श ताकाया अगदी काटकसरीने वापरतात. क्यो तोरूच्या डोक्यावर टकटक करतो ती छोटीशी चौकट नजरेतून निसटली तर पुढची मोठी भावनिक पानं नाटकी वाटतील. जमलं तर एक खंड फक्त हात बघत वाचा.

पाचवी पायरी: तोरूच्या हसण्यावर विश्वास ठेवू नका

तोरूबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात: फार भोळी आहे आणि फार चांगली आहे. पहिल्या दोन खंडांपुरत्या दोन्ही रास्त. पण पहिल्याच प्रकरणात काय घडतं ते परत पाहा. दरड कोसळून तिचा तंबू मातीखाली जातो. अंगात ताप. आणि ती नखांनी माती उपसू पाहते, कारण आत आईचा फोटो आहे. घर नाही, पैसे नाहीत, त्याचं तिला काही वाटत नाही. फोटो दाबला गेला, हे सहन होत नाही. मग कळतं की अपघाताच्या दिवशी सकाळी आई कामाला निघाली तेव्हा तोरू झोपलेली होती. आदल्या रात्री परीक्षेचा अभ्यास करत जागली होती. ‘सांभाळून जा’ एवढं म्हणायचं राहून गेलं. जपानी घरांत हा निरोप रोजचा, आपल्या ‘येते गं’ आणि ‘ये हो’ इतका. तो त्या एका सकाळी द्यायचा राहिला. फोटोशी ती रोज बोलते ते आता जरा वेगळं दिसू लागेल. ही मुलगी दुःखातून बाहेर आलेली नाही, ती त्याच्यावर झाकण ठेवून फिरते आहे. ती सगळ्यांशी, अगदी मैत्रिणींशीसुद्धा, अति आदबीने बोलते, त्याच्यामागेही एक कारण आहे. ते कितीतरी खंडांनंतर उघड होतं, आणि माझ्या मते या मालिकेतला तो सगळ्यात जीवघेणा तपशील आहे. आत्ता फक्त नोंद करून ठेवा.

मालिकेचं नाव ज्यावरून आलं तो खेळ जपानी शाळांत खरंच खेळतात. मुलं गोल बसतात, प्रत्येकाला एका फळाचं नाव मिळतं, ते नाव पुकारलं की उठून जागा बदलायची. तोरूच्या लहानपणी एका वात्रट मुलाने तिला चिडवायला ‘ओनिगिरी’ हे नाव दिलं, म्हणजे भाताचा मीठ लावलेला गोळा. फळांच्या टोपलीत भाताचा गोळा कोण पुकारणार? आणि तोरू आनंदात बसून राहिली, आपलं नाव कधी येईल याची वाट बघत. इथे ती रडली असती तर प्रसंग साधा झाला असता. तिला ओनिगिरी आवडायची, म्हणून आपल्याला चांगलं नाव मिळालं असं तिला वाटलं. आपल्याला वगळलंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

याच ओनिगिरीचा दुसरा प्रसंग क्योबरोबरचा. क्योला युकीचा हेवा वाटतो, आपल्यात काहीच नाही असं वाटतं. तोरू त्याला सांगते ते साधारण असं: माणसाच्या अंगचा चांगुलपणा ओनिगिरीला पाठीवर लावलेल्या उमेबोशीसारखा असतो. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ. ते पाठीला असल्यामुळे ज्याचं त्याला दिसत नाही. दुसऱ्याच्या पाठीवरचं मात्र लख्ख दिसतं, आणि आपण नुसताच भात आहोत असं वाटत राहतं. हे वाक्य लोक चित्रावर छापून एकमेकांना पाठवतात. प्रसंगाचा खरा काटा पुढे आहे: हे सांगणाऱ्या तोरूच्या पाठीवर काय आहे, हे तिला कोणी सांगितलंय का? इथून पुढे तोरू कोणाला धीर देताना दिसली की स्वतःला हा प्रश्न विचारत जा.

सहावी पायरी: एकेका राशीपाशी थांबा

दुसऱ्या खंडापासून नवी माणसं येऊ लागतात आणि एक साचा दिसतो: नवा सोमा, नवा प्राणी, गोंधळ, मग दुखरी गोष्ट, मग तोरूचे चार शब्द. साचा ओळखीचा झाला की वाचक वेग वाढवतो. उलट करा. एका बैठकीत एका पात्राची गोष्ट संपवा आणि पुस्तक मिटा.

हातोरी हा घराण्याचा डॉक्टर. रास ड्रॅगन, पण रूपांतर होतं ते बोटभर समुद्रघोड्यात. हशा होतो. त्याचं दुसरं काम म्हणजे ज्या परक्यांना गुपित कळलं त्यांच्या आठवणी पुसून टाकणं. त्याची सहायक काना आणि तो लग्न करणार होते. अकितो संतापला, त्या झटापटीत हातोरीच्या डाव्या डोळ्याला इजा झाली, आणि काना स्वतःला दोष देत झुरू लागली. शेवटी हातोरीने तिच्या आठवणी पुसल्या, स्वतःच्या हाताने. तिच्या डोक्यातून तो गेला. त्याच्या डोक्यातून ती जाऊ शकत नाही. बर्फ वितळला की त्याचं काय होतं, हा प्रश्न कानाने एकदा त्याला विचारला होता. ‘पाणी’ हे उत्तर कोणीही देईल. ती म्हणाली, ‘वसंत’. तोरूही नकळत तेच उत्तर देते, तेव्हा हातोरीचा चेहरा पाहा. रेषा दोन-तीनच आहेत.

मोमिजीची गोष्ट वाचताना मला आजही पान उलटायला वेळ लागतो. उड्या मारणारा, गाणी म्हणणारा, लहान मुलासारखा दिसणारा ससा. त्याच्या आईला पोटचं पोर मिठीत घेतलं की ससा होतो, हे सहन झालं नाही, म्हणून तिच्या आठवणीतून तो पुसला गेला. ती जिवंत आहे, बरी आहे, त्याला धाकटी बहीण आहे. तोरू रात्री साफसफाईचं काम करते ती इमारत त्याच्या वडिलांची. तिथे आई समोर आली तरी त्याने परक्यासारखं वागायचं. या प्रसंगात तो रडत नाही. आपल्याला सगळं आठवतं तेच बरं, कोणतीच आठवण पुसून टाकण्यासारखी नसते, यावर विश्वास ठेवायचा आहे, असं तो म्हणतो. हातोरीच्या गोष्टीनंतर हे वाचलं की दोन्हींचा गळफास एकमेकांत अडकतो. म्हणून क्रम मोडू नका.

किसा ही वाघ राशीची मुलगी, वय लहान. शाळेत मुलींनी तिला वाळीत टाकलं आहे आणि तिचं बोलणंच बंद झालंय. तिच्या शिक्षकांचं पत्र येतं: स्वतःवर प्रेम करायला शिक, वगैरे. कोणत्याही शाळेच्या फळ्यावर शोभेल असं वाक्य. युकी ते वाचतो आणि त्याला ते पटत नाही. स्वतःत आवडण्यासारखं काही सापडतच नाही, म्हणून तर माणूस स्वतःचा तिरस्कार करतो. आधी कोणीतरी ‘तू मला आवडतेस’ म्हणावं लागतं, मग कुठे स्वतःकडे धडपणे बघता येतं, असं त्याचं म्हणणं. मुलींच्या मासिकात इतकं सरळ बोलणं फार थोड्या ठिकाणी वाचलंय. आणि हे युकी बोलतोय, शाळेत ज्याला सगळे ‘राजकुमार’ म्हणतात तो. त्याला हे कुठून कळलं, हा प्रश्न मनात येऊ द्या.

सहाव्या खंडानंतर

क्योच्या मनगटातली मण्यांची माळ तुम्ही पहिल्या खंडापासून बघत असाल. सहाव्या खंडात तिचं कोडं सुटतं. तो खंड निवांत वेळ काढून, एका बैठकीत वाचा, बसमध्ये नको. त्याच सुमारास ताकाया यांच्या चित्र काढायच्या हाताला मोठी दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली, मालिका काही काळ थांबली. पुढच्या खंडांत चेहरे निमुळते होत जातात, डोळे आटोपशीर होतात, अंगं उंचावतात. सुरुवातीच्या गुबगुबीत चेहऱ्यांची सवय झालेल्याला हा बदल खटकतो. मला तो कथेला मानवलेला वाटतो. पोरं मोठी होत जातात आणि रेषाही पोरकट राहत नाही.

मधला पल्ला, साधारण दहाव्या खंडापासून पंधराव्यापर्यंत, संथ आहे. युकी विद्यार्थी मंडळात जातो, नवी पात्रं येतात आणि तोरू काही प्रकरणं मागे पडते. पुष्कळ वाचक इथे गळतात. तुम्ही गळू नका, पण वाचायचा वेग वाढवलात तरी चालेल. युकीला तोरूपासून वेगळं असं स्वतःचं आयुष्य मिळणं गरजेचं होतं. ते का, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतं तेव्हा ही सगळी पानं वसूल होतात. दरम्यान एक गंमत करा. क्योकोचं नाव निघालं की कोणाकोणाचा चेहरा बदलतो ते बघत राहा, विशेषतः तिच्या थडग्यावर सगळे जातात तेव्हा.

खटकेल ते

ही मालिका मुलींसाठीची म्हणून हलकीफुलकी समजू नका. लहान मुलांचा मानसिक आणि शारीरिक छळ, कोंडून ठेवणं, शाळेतली दादागिरी, आत्महत्येचा उल्लेख, हे सगळं यात आहे. बारा-तेरा वर्षांच्या भाचीला द्यायची असेल तर आधी स्वतः वाचा आणि मग तिच्याशी बोला.

काही गोष्टी आज वाचताना घशाखाली उतरत नाहीत. कागुरा क्योला प्रेमाने बडवते, भिंतीवर आपटते, आणि ते विनोद म्हणून येतं. मला त्यावर हसू येत नाही. शिगुरेचे शाळकरी मुलींवरचे चावट शेरेही तसेच. तोरूच्या आईवडिलांचं जमलं तेव्हा आई शाळेत होती आणि वडील तिथे शिकाऊ शिक्षक म्हणून आले होते. मालिका ते हळुवारपणे मांडते, वाचकाने तितकं हळुवार असायची सक्ती नाही. आणि शेवटाकडे काही अपराध्यांना फार चटकन माफी मिळते, असं म्हणणारे आहेत. मीही त्यांच्याच बाजूने झुकतो. तुमचं मत तेविसाव्या खंडानंतर ठरवा, चर्चा वाचून नको.

अ‍ॅनिमे कधी बघायचा

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, दोन आहेत. २००१चा स्टुडिओ डीनचा, २६ भागांचा. तेव्हा मूळ मालिका अर्धवट होती, त्यामुळे तो स्वतःचाच शेवट करून मोकळा होतो. विनोद छान जमलाय, खोली नाही. दुसरा २०१९ ते २०२१चा, टीएमएस एंटरटेनमेंटचा, तीन मोसमांत ६३ भाग. हा सगळी कथा सांगतो. ओघ चांगला, आवाज उत्तम. पण वर सांगितलेली पानं, म्हणजे चार चौकटींत तुटलेलं वाक्य आणि दोन प्रसंगांची एकाच पानावरची गुंफण, पडद्यावर तशी येत नाहीत. तिथे वाक्य एका दमात म्हणून होतं. म्हणून आधी पुस्तक. वाचनाची सवयच नसेल तर दुसऱ्या अ‍ॅनिमेचा पहिला मोसम, २५ भाग, बघून घ्या आणि मग पुस्तक पहिल्या पानापासून धरा, मोसम संपतो तिथून नाही.

२०२२ साली ‘प्रील्यूड’ हा चित्रपट आला. त्यात मुख्यतः तोरूच्या आईवडिलांची कथा आहे, नाव ‘पूर्वरंग’ अर्थाचं असलं तरी तो आधी बघायचा नाही. ‘फ्रूट्स बास्केट अनदर’ ही ताकाया यांनीच नंतर काढलेली छोटी मालिका, सोमांच्या पुढच्या पिढीची. ती सगळ्यात शेवटी. तेवीस खंड संपायच्या आधी तिची पानं सहज म्हणून चाळलीत तरी कोणाचं कोणाशी जमलं ते कळून चुकेल, कारण पोरं थेट आईबापांवर गेली आहेत.